वाहून जाणाऱ्या मातीचा हिशेब

घरात महिन्याचा जमाखर्च मांडताना आपण काही सोडत नाही. दूध, किराणा, मुलांची फी, दवाखाना, कुणाच्या शादीचा आहेर, सगळे वहीत येते. ज्यांच्या घरी शेती आहे ते बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचीही नोंद ठेवतात. पण शेतीवाल्या घरातला एक मोठा खर्च कोणत्याच वहीत सापडत नाही. तो दर पावसाळ्यात होतो. त्याची पावती कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. शेतातून वाहून जाणारी माती आणि तिच्याबरोबर निघून जाणारे पाणी, हाच तो खर्च.

आम्हालाही हा हिशेब कधी सुचला नव्हता. अब्बांच्या इंतकालनंतर जमिनीच्या वाटणीची वेळ आली, तेव्हा तो मांडणे भाग पडले. वाटणीचा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक शेतीवाल्या घरात येतोच, म्हणून आमच्या घरची गोष्ट इथे सांगत आहोत.

सोळा एकर आणि चार बांध

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आमची १६ एकर जिरायत जमीन आहे. वरच्या अंगाला रस्ता आणि मुरमाड, हलकी जमीन. मधला पट्टा मध्यम. खाली ओढ्याकडे काळी. २०१२-१३ च्या दुष्काळात विहीर तळाला गेली, जनावरे छावणीला न्यावी लागली. त्याच उन्हाळ्यात अब्बांनी उताराला आडवे चार बांध घालून घेतले. पैसे नव्हते, म्हणून अम्मीच्या पाटल्या मोडल्या. तेव्हा नात्यातल्या लोकांनी नावे ठेवली. सोने मोडून मातीचे ढिगारे घातले, असे ते म्हणत.

पुढे २०१५ साली पुन्हा पाऊस रुसला. ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला. शेजारच्या तशाच जमिनीत तूर फुलोऱ्यात वाळली आणि काढणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. आमची तूर निम्मी का होईना, पदरात पडली. बांधाआड ओल टिकून होती, वाफसा लवकर उडाला नव्हता. बांधाची कमाई चांगल्या वर्षी डोळ्यांत भरत नाही, ती वाईट वर्षी कळते. सावकाराच्या दारात जायचे की नाही, हे त्या निम्म्या तुरीने ठरवले.

बांधावर अम्मीने पवना आणि मारवेल गवत लावले होते. त्या गवतावर चार-पाच शेळ्या पोसल्या जात. दर बकरी ईदला दोन बोकड चांगल्या भावाने जात. पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत, पण धाकट्या बहिणीच्या डी.एड.ची फी त्या बोकडांनी भरली.

उभ्या पट्ट्या की आडव्या?

अब्बांच्या माघारी शरीअतप्रमाणे हिस्से ठरले. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे २ एकर. उरलेल्या १४ एकरांत आम्हा तिघा भावांना प्रत्येकी साडेतीन एकर आणि दोघी बहिणींना प्रत्येकी पावणेदोन एकर. इथपर्यंत वाद नव्हता. वाद निघाला तो रेघा कुठून कुठे मारायच्या यावरून. प्रत्येकाला वरचा रस्ता हवा होता आणि प्रत्येकाला खालची काळीही हवी होती. गावातल्या जाणत्यांनी नेहमीचा तोडगा सांगितला. वरून खाली उभ्या पट्ट्या पाडा, म्हणजे सगळ्यांना सगळे मिळेल.

दिसायला हा न्याय सरळ आहे. आपल्या भागातल्या बहुतेक वाटण्या अशाच होतात. पण कागदावर आकृती काढल्यावर लक्षात आले की बहिणीची पट्टी साधारण अडीचशे मीटर लांब आणि जेमतेम २७ मीटर रुंद होत होती. एवढ्या अरुंद पट्टीत ट्रॅक्टर आडवा चालवायचा तर तो वळवण्यातच वेळ आणि डिझेल जाते. त्यामुळे नांगरट आणि पेरणी उभी, म्हणजे उताराच्या दिशेनेच होणार. उभ्या तासांत पाण्याला वाट तयार मिळते. प्रत्येक तास हा एक छोटा ओघळच होतो. शिवाय आमचे चारही बांध पाच ठिकाणी तुटणार. तुटलेल्या बांधाचा एक तुकडा एकाने सांभाळला आणि शेजारच्याने सोडून दिला, तर पाणी त्या सोडलेल्या जागेतून घुसते आणि दोघांचीही माती घेऊन जाते.

त्यात आमच्यातला एक भाऊ पुण्यात नोकरीला, बहिणी सासरी. त्यांची जमीन बटईने जाणार हे उघड होते. बटईदार वर्षभराचा धनी असतो. दहा वर्षांनी फळ देणाऱ्या बांधावर त्याने खर्च का करावा? त्याला दोष देता येत नाही, त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर असतो.

आम्ही भाऊ-बहिणी दोन दिवस घासाघीस करत होतो. तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, “तुमच्या अब्बांनी बांध घातले तेव्हा कोणता कोणाच्या हिश्श्यात जाईल हे बघितलं नव्हतं.” त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो.

एका मिलिमीटरचे मोल

हा हिशेब कोणालाही घरी करता येईल. एक एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती माती चार घनमीटर भरते. म्हणजे साधारण दीड ब्रास. वजनात पाच टनांच्या आसपास. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण दीड ब्रास माती ट्रॉलीत भरायला घेतली की तिचे वजन समजते. आपल्या देशातल्या धुपीचा १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी काढलेला आणि आजही सांगितला जाणारा सरासरी अंदाज वर्षाला हेक्टरी सुमारे १६ टन आहे. म्हणजे दर वर्षी एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच माती जाते. उघड्या, उताराच्या शेतात ती याहून जास्त जाते. उलट बाजूने, बोटभर माती तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

जाते तीही नेमकी वरची माती. सेंद्रिय अंश वरच्या थरात असतो, आपण विकत आणून टाकलेले खतही तिथेच असते. पुढच्या वर्षी तेवढेच पीक घ्यायला खताची आणखी एक गोणी लागते. तो खर्च आपण वहीत ‘खत’ म्हणून लिहितो. खरे तर त्यातला काही भाग ‘माती’ या खात्यावर पडायला हवा.

पाण्याचे गणितही असेच सोपे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एका एकरावर सुमारे ४ हजार लिटर. वर्षाला ४०० मिलिमीटर, म्हणजे बेताचाच पाऊस धरला, तरी एका एकरावर १६ लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे १६० टँकर. त्यातला चौथा हिस्सा वाहून गेला तरी ४० टँकर गेले. उन्हाळ्यात एका टँकरसाठी आपण काय मोजतो, ते प्रत्येक घराला माहीत आहे.

पाण्याला किंमत असते, ही गोष्ट आपल्या घरांना तशी नवी नाही. उश्रचा नियमच पाहा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा असतो आणि कष्टाने पाणी उपसून घेतलेल्या पिकाचा विसावा. पाणी उपसायला खर्च येतो, हे त्या नियमात धरलेले आहे. आकाशातून आलेले पाणी जिथे पडले तिथेच मुरवले, तर तो उपशाचा खर्च तेवढा कमी होतो.

वाहून गेलेली माती कुठे जाते? ती तलावात आणि धरणात जाऊन बसते. राज्य सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, अशी ती योजना. सुरुवातीला वाहतुकीचा खर्च शेतकऱ्यानेच करायचा होता. योजना चांगलीच आहे, हलक्या जमिनीला गाळाने जीव येतो. पण त्यात एक गंमत आहे. जी माती आपल्या शेतातून फुकट गेली, तीच आपण ट्रॉलीचे भाडे देऊन परत आणतो.

माती गेल्यावर ती परत उभी करायला काय लागते, याचा एक सरकारी आकडाही आता समोर आहे. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या. त्यानंतर राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. नदीच्या अशा पुरापुढे शेतातला बांध टिकत नाही, हे खरे. पण मातीचे मोल किती, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

हिवरे बाजारने काय केले

आमच्या आष्टीपासून फार दूर नसलेले हिवरे बाजार हे अहिल्यानगर जिल्ह्यातले गाव वाचकांना ऐकून माहीत असेल. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातले हे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर ते उतरणीला लागले होते. डोंगर बोडके झाले होते, विहिरी कोरड्या पडत होत्या, माणसे मजुरीला बाहेर जात होती. १९८९ च्या सुमारास तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच केले. पुढच्या काळात रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून डोंगरावर समतल चर, नाल्यांवर माती आणि दगडांचे बांध, पाझर तलाव अशी कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत झाली.

गावाबद्दल प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सुमारे १ हजार हेक्टरांवरच्या या कामाला त्या वेळी ४२ लाख रुपये लागले. हेक्टरी साधारण ४ हजार. तेव्हाचा रुपया आजच्यापेक्षा मोठा होता हे धरूनही, खरडलेल्या जमिनीच्या आजच्या मदतीशी हा आकडा ताडून पाहण्यासारखा आहे.

फळ काय मिळाले? गावाच्या परिसरातले गवत २००० साली सुमारे १०० टन निघत होते, ते २००४ साली ६ हजार टनांवर गेले. गवत वाढले तशी दुभती जनावरे वाढली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे काही हजार लिटरांवर पोहोचले. १९९५ साली १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, ती पुढे बोटांवर मोजण्याइतकी राहिली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पहिला पैसा धान्यातून नव्हे, गवतातून आणि दुधातून आला. अम्मीच्या शेळ्यांचा हिशेब आम्हाला इथे नीट कळला.

पण केवळ बांध घालून हे झाले नाही. गावाने स्वतःला नियम घालून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. डोंगरावर मोकाट चराई नाही, गवत कापून न्यायचे. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. किती पडले, किती मुरले, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि मग उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. घरखर्चाचे जे नियम आपण पैशाला लावतो, तेच गावाने पाण्याला लावले. हे नियम नसते तर चार माणसांनी खोल बोअर मारून सगळ्यांचे पाणी उपसले असते.

खर्च वरच्याचा, फायदा खालच्याचा

मग प्रत्येक शेतात बांध का दिसत नाहीत? आळस हे त्याचे उत्तर नाही. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला, की त्याची माती वाचते हे खरे, पण मुरलेले पाणी खालच्याच्या विहिरीत उतरते. खर्च एकाचा, फायद्याचा मोठा वाटा दुसऱ्याचा. उलट, बांधाखाली जागा अडते म्हणून दर वर्षी थोडा थोडा बांध कोरायची सवय गावोगाव आहे. बांध कोरल्यावरून भावकीत कोर्टकज्जे होतात, ते पिढ्यान्‌पिढ्या चालतात. दोन सऱ्या वाढवण्याच्या नादात दोघांचीही माती जाते, वकिलाची फी वेगळीच.

पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात नायगाव इथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जे काम उभे केले, ते या बाबतीत शिकवणारे आहे. त्यांनी देवस्थानची ४० एकर माळरान जमीन करारावर घेतली, पण एक-दोन वर्षांसाठी नाही, पन्नास वर्षांसाठी. मग तिथे बांध घातले, पाणी अडवले, विहीर खोदली. जिथे मोजकी पोती निघत तिथे भरघोस धान्य निघू लागले. मुदत लांब होती म्हणून जमिनीत पैसा घालणे परवडले. पुढे पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठेवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठेवला आणि भूमिहीनांनाही त्यात हक्क दिला. ज्याला वाटा मिळतो, तो राखणही करतो.

आमचा तोडगा

आम्ही शेवटी आडवी वाटणी केली. चारही बांध जिथल्या तिथे राहिले आणि हिस्से पाडताना शक्य तिथे तेच हद्द झाले. वरची मुरमाड ज्याच्या वाट्याला आली, त्याला क्षेत्र जास्त दिले. खालची काळी ज्याने घेतली, त्याला कमी. आमच्या जमिनीत काळीचा एक एकर म्हणजे मुरमाडाचा दीड एकर, असा भाव सगळ्यांनी मिळून ठरवला. जमिनीचा कस बघून तिची प्रत ठरवायची, हा विचार आपल्याकडे जुना आहे. मलिक अंबरच्या महसूल व्यवस्थेतही जमिनीची प्रतवारी होती. हिस्सा शरीअतचाच राहिला, फक्त तो नुसत्या गुंठ्यांवर न मोजता किमतीवर मोजला. ज्याला कमी वाटले त्याने खुल्या मनाने तिथेच बोलावे, असे आधी ठरले होते. दोघी बहिणींना सोबत बसवून, त्यांची रजामंदी घेऊन कागद झाला.

रस्त्यासाठी एका कडेने बैलगाडी जाईल एवढी वाट सगळ्यांच्या क्षेत्रातून सोडली. बांधांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च वरच्याने करायचा आणि निम्मा खालच्याने, कारण पाणी त्याच्याकडे उतरते. हेही कागदावर लिहिले. बटईने द्यायची तर किमान पाच वर्षांसाठी द्यायची, बांध न कोरण्याची अट घालायची आणि बांधाचा खर्च मालकाने करायचा, हेही ठरले. सगळे गोड झाले असे नाही. आमच्यातल्या एकाला अजूनही वाटते की रस्त्याकडची जागा आपल्याला मिळायला हवी होती. पण बांध शाबूत आहेत.

उन्हाळ्यात करण्यासारखे

ज्यांना आपल्या शेतात सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिल्या मोठ्या पावसात शेतात जाऊन उभे राहा. पाणी कुठून येते, कुठून फुटते आणि कोणत्या रंगाचे होऊन जाते, ते बघा. चहासारखे गढूळ पाणी म्हणजे तुमची माती. बांधाची जागा त्या दिवशी कळते.

ज्यावर काहीच खर्च नाही ते आधी करा. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा. पिकाच्या काही ओळींनंतर एक रिकामी सरी काढा, तिच्यात पाणी थांबते. काडीकचरा पेटवू नका, आच्छादन म्हणून पसरा.

बांधाला सांडवा दगडाने बांधून काढा. जास्तीच्या पाण्याला वाट दिली नाही तर बांध फुटतो आणि फुटलेला बांध न घातलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. खोल काळ्या जमिनीत पाणी तुंबते आणि बांधाला भेगाही पडतात. तिथे पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात. सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलावून आखणी करून घ्या, जेसीबीवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

शेततळे चांगले, पण प्लास्टिक अंथरून ते बोअरच्या पाण्याने भरणे म्हणजे जमिनीखालचे पाणी उन्हात वाळत घालणे. शेततळ्यात यायला हवे ते पावसाचे वाहते पाणी.

जमीन आपण वाडवडिलांकडून घेतो तेव्हा ती मोजून घेतो, गुंठ्यापर्यंत. पुढच्या पिढीला देतानाही गुंठे तेवढेच असतात, सातबाऱ्यावर काही कमी दिसत नाही. पण त्या गुंठ्यांवरची माती किती उरली, हे सातबारा सांगत नाही. ते अमानतदाराने स्वतःच मोजायचे असते. आमच्या वहीत आता ‘माती’ असे एक पान आहे. दर उन्हाळ्यात त्यावर बांधाच्या दुरुस्तीचा खर्च लिहिला जातो, आणि खाली निम्मी रक्कम कोणाकडून यायची आहे, तेही.